सनडाउननंतरचं तुमचं बोलणं

वन्सं,

परवा तुमचा तेरावा झाला. माणसं बरीच आली. तुमच्या ऑफिसातले जे कुणी काठी टेकत का होईना चालू शकतात ते आले, मंडळातले आले, सोसायटीतल्या बायका पांढऱ्या ओढण्या घेऊन आल्या आणि जाताना प्रत्येकीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. नणंदेचं इतकं कोण करतं हल्ली, असं मराठीत तीनदा आणि हिंदीत पाच-सहादा ऐकलं. रेवती दारात उभी राहून सगळ्यांना एकच उत्तर देत होती. "आत्याला शेवटी सनडाउनिंग होतं. संध्याकाळ झाली की काहीही बोलायची, आईवर आरोप करायची. आईने खूप सोसलं."

मी पाण्याचे ग्लास भरत होते. भरतच राहिले.

मंडळाच्या अंकासाठी संपादकांनी पानभर मजकूर मागितलाय. "वहिनी, चांगल्या चांगल्या आठवणी येऊ द्या," म्हणाले. माझ्या नावाखाली ते दर वेळी 'स्वयंशिक्षित लेखिका' असं छापतात, तेही छापतील. ते वाचून तुम्ही कशा हसायचात, ओठ न उघडता, नाकातून. तर लिहायला बसलेय. पण चांगल्या आठवणींच्या आधी मला एक गोष्ट ठरवायची आहे, आणि ती तुमच्याशी बोलल्याशिवाय ठरणार नाही. चार वाजल्यानंतर तुम्ही जे जे बोलायचात ते तुमचं धरायचं, की आजाराचं?

तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो डॉक्टरांच्या खोलीत. दोन वर्षं होत आली. तुम्ही बाहेर बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसला होतात, बस चुकेल अशा काळजीत. डॉक्टर तरुण, चांगला मुलगा. मी सांगितलं, सकाळी अगदी ठीक असतात, पेपर वाचतात, माझ्या भाजीला नावं ठेवतात. चार वाजले की उठून दारापाशी जातात. घड्याळ बघतात. माझ्याकडे बघतात ते असं, की मी त्यांच्या घरात शिरलेली कुणी आहे. तो मान हलवून म्हणाला, "क्लासिक सनडाउनिंग है, आंटी. शाम की बातों को दिल पे मत लीजिए. वो नहीं बोल रहीं, बीमारी बोल रही है."

रेवतीला इतकं हायसं वाटलं. गाडीत ती तो शब्द दोनदा पुटपुटली, नवीन मसाल्याचं नाव लक्षात ठेवावं तसा. मी म्हटलं, "आपल्याकडे कातरवेळ म्हणतात त्याला."

"कातरवेळ? म्हणजे कात्रीची वेळ?"

"म्हणजे दिवेलागणीला जीव नुसता खालीवर होतो ना, ती वेळ."

"अच्छा. पण आई, हे मेडिकल आहे."

दिल्लीत जन्मलेल्या मुलीला कातरवेळ कुठून ठाऊक असणार, चूक माझीच. पण मला तेव्हाच त्या इंग्रजी शब्दाचा संशय आला. कातरवेळ सगळ्यांची असते. मला होती, यांना होती, अंगणातल्या गाईलाही असते म्हणतात. हा शब्द मात्र एकट्या तुमच्यावर चिकटवला होता. आणि एकदा चिकटवला की त्याखाली काय आहे ते कुणी उचलून बघत नाही, हे मी लगेच ओळखलं. वन्सं, खरं सांगते, मला त्या शब्दाचा रागही आला आणि आधारही वाटला. दोन्ही त्याच गाडीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही बाल्कनीत उन्हात बसला होतात. नोएडाच्या या फ्लॅटमध्ये ऊन सकाळी दहा ते साडेअकरा एवढंच येतं, त्यात खुर्ची सरकवत सरकवत तुम्ही पेपर संपवायचात. मी मटार सोलायला बसले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "वन्सं, सनडाउन म्हणजे सनसेटच ना?"

तुम्ही चष्मा काढलात. शब्द विचारला की तुमचं वय दहा वर्षांनी उतरायचं.

"अर्थ तोच. वापर वेगळा. सनसेट बघायचा असतो. लोक डोंगरावर जाऊन बघतात, फोटो काढतात. सनडाउन कुणी बघत नाही. सनडाउनच्या आत काम उरकायचं असतं. बाय सनडाउन. ती मुदत आहे. तिकडे अमेरिकेत जास्त वापरतात."

"आणि सनडाउनर?"

"ते साहेबलोकांचं. संध्याकाळी क्लबात पहिला ग्लास हातात घेतात तो. आमचे जुने जॉइंट सेक्रेटरी म्हणायचे, मिस, जरा लवकर टाइप करा, माझा सनडाउनर थांबलाय." मग तुम्ही एक मटार उचलून तोंडात टाकलात. "आणखी एक अर्थ आहे. ऑस्ट्रेलियातला. तिकडे मेंढ्यांच्या वाड्यांवर कामाच्या शोधात फिरणारे लोक असत. त्यातला एखादा मुद्दाम दिवस मावळताना यायचा. म्हणजे कामाची वेळ टळलेली असते, पण जेवणाची व्हायची असते. त्याला सनडाउनर म्हणायचे. कामाच्या वेळेला गप्प, आणि वेळ गेल्यावर हजर."

एवढं बोलून तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुम्ही त्या दिवशी डिक्शनरीतला अर्थ सांगत होतात की मला ओळखून सांगत होतात, हे मला अजून समजलेलं नाही. मी शेंगा खाली ठेवल्या आणि विचारलं, "त्याला आयएनजी लागतं का?"

"हल्ली कशालाही लावतात. कोण म्हणालं?"

"डॉक्टर. एका पेशंटबद्दल."

"बाई आहे?"

"हो."

"बिचारी," म्हणालात, आणि पेपरचं पान उलटलंत.

तर शब्द शिकायची आपली ही रीत किती जुनी. सरोजिनी नगरच्या त्या क्वार्टरमध्ये मी लग्न होऊन आले ती सातवी नापास. सासू नव्हती, तुम्ही होतात. मधूची मोठी बहीण, मंत्रालयात स्टेनो, सकाळी साडेआठला साडीला पिन लावून निघणारी. मी तुम्हाला घाबरायचे. मला वाटायचं, तुम्ही डाळीतलं पाणी मोजता, माझ्या माहेरच्या पत्रांची पाकिटं उजेडात धरून बघता. काही मोजत नव्हतात. एक दिवस मी रद्दीतला इंग्रजी पेपर उलटा धरून चित्रं बघत होते, तर तुम्ही तो सुलटा करून हातात दिलात आणि म्हणालात, "उद्या सकाळी सहाला उठ." तेव्हापासून रोज सकाळी सहा ते सात. एक शब्द, त्याचा अर्थ, मग तीन वाक्यं. "अर्थ कळला म्हणजे शब्द कळला नाही, विमल. वापरून दाखव." मी म्हणायचे, वन्सं, पोळ्या करायच्यात. "पोळ्या मधू करेल." मधू म्हणजे हे. हे खरंच करायला शिकले, जाड, पण करायचे.

रेवती दोन वर्षांची झाली तेव्हा तुम्ही माझा मॅट्रिकचा फॉर्म भरलात. बाहेरून बसायचं, परीक्षा मार्चमध्ये. गणित, इंग्रजी, सगळं तुमच्यावर. आणि रेवती झोपायची तीही फक्त तुमच्या मांडीवर.

आता त्या जानेवारीवर यायला हवं. इतका वेळ मी टाळत होते, तुमच्या लक्षात आलंच असेल.

तुम्हाला पुण्याला जायचं होतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्यावर बोलत नव्हतं. पुण्यातल्या कार्यालयात बदली मिळावी म्हणून तुम्ही दर वर्षी अर्ज टाकायचात. आठ वर्षं टाकलेत. तिकडे तुमची शाळेतली मैत्रीण होती, तिच्या घराजवळ एक खोली होती, पेरूचं झाड असलेली. तुम्ही एकदाच बोलला होतात त्याबद्दल. म्हणाला होतात, "स्वतःची किल्ली असावी गं पर्समध्ये." आमच्या घरात तुमची ट्रंक बाहेरच्या खोलीत आणि खाट रोज रात्री घालायची, सकाळी उचलायची.

त्या जानेवारीत तुम्हाला कावीळ झाली. तीन आठवडे रजा. दिवसा मागच्या गच्चीवर खाट टाकून, तोंडावर पेपर घेऊन उन्हात पडायचात. तो गुरुवार होता. अकरा वाजता खालच्या सूदबाईंनी हाक मारली, "आपका फोन है, बहनजी." सूदसाहेब टेलिफोन खात्यात, म्हणून आख्ख्या ब्लॉकात फोन त्यांच्याकडेच. मी गेले. तुमच्या ऑफिसातल्या रूथबाई पगारे होत्या, नगरच्या, तुमच्या मैत्रीण.

"कोण, वहिनी ना? नीट ऐका. पुण्याची जागा निघालीये. ताईचं नाव पहिलं आहे, पण दुसरीही एक मागतेय. आज पाचच्या आत ताईची विलिंगनेस लेखी हवी. एक ओळ पुरे, साध्या कागदावर, सही करून. कुणाच्याही हाती पाठवा. मी पाचपर्यंत टेबल सोडत नाही. कळलं का? एक ओळ."

"कळलं," मी म्हटलं.

विलिंगनेस या शब्दाचा अर्थ मला तुम्हीच शिकवला होतात. तो वापरूनही दाखवला होता मी.

मी वर आले. तुम्ही झोपला होतात. डोळ्यांचा पिवळेपणा कमी झाला होता, पेपर बाजूला सरकला होता, आणि मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहिले तर माझी सावली तुमच्या तोंडावर पडली. तुम्ही जरा हललात. मी बाजूला झाले. ऊन परत तुमच्या तोंडावर आलं आणि तुमची झोप मोडली नाही. वन्सं, आयुष्यात मी बऱ्याच चुका केल्या, त्यातल्या बहुतेक न कळत झाल्या. ही एक मात्र मला पावलाएवढी मोजून दाखवता येईल. सावली बाजूला घेतली, ती हीच चूक.

एक ओळ लिहून घ्यायची आणि बस पकडायची, पाऊण तासाचं काम. मी तांदूळ निवडले. रेवतीला न्हाऊ घातलं. दीड वाजले, तीन वाजले. दर वेळी मनात म्हणायचे, आत्ता सांगते. मार्चला दोन महिने राहिले होते. तुम्ही गेलात की माझी मॅट्रिक संपली, मग मी पुन्हा पेपर उलटा धरणारी. असा विचार मी केला असं आज म्हणते. खरं तर तेव्हा काही विचार केल्याचं आठवत नाही. घड्याळाकडे पाठ करून बसले होते एवढं आठवतं.

हे ऑफिसातून आले, दिवा लावला, आणि सव्वासहाला मी बाहेरच्या खोलीत तुमच्याकडे येऊन म्हटलं, "वन्सं, रूथबाईंचा फोन आला होता म्हणे सकाळी. सूदबाई सांगायला विसरल्या, आत्ता म्हणाल्या." आणि मग निरोप सांगितला, शब्द न् शब्द.

तुम्ही खिडकीबाहेर बघितलंत. बाहेर काही दिसण्यासारखं नव्हतं, अंधारलं होतं. "आता काय. ऑफिस बंद झालं," म्हणालात. मग तोंड धुतलंत आणि मुगाची खिचडी मागितलीत.

सूदबाई दोन दिवस जिन्यात "नमस्ते बहनजी" म्हणत होत्या आणि तुम्ही न बघता पुढे जात होतात. त्या बिचाऱ्या मला विचारत होत्या, "आपकी ननद को क्या हुआ?" मी म्हणाले, तबियत ठीक नहीं.

सोमवारी तुम्ही कामावर रुजू झालात. त्या दिवसासारखा दिवस पुन्हा आला नाही माझ्या वाट्याला. रूथबाईंशी मी स्वतः बोलले होते, माझ्या आवाजात, माझ्या तोंडाने "कळलं" म्हणाले होते. त्या पहिलं तेच सांगणार. मी इतकं कच्चं खोटं बोलले होते की संध्याकाळपर्यंत टिकणंच शक्य नव्हतं. साडेसहाला तुम्ही आलात. पर्स खुंटीला लावलीत. माझ्याकडे बघितलं नाहीत. फडताळातून संक्रांतीचा उरलेला तिळगूळ काढलात, वाटीत भरलात आणि खाली गेलात. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ऐकत होते.

"लीजिए बहनजी. देर से दे रही हूँ."

"अरे, आप तो हमसे नाराज़ थीं."

"नहीं जी. ग़लती मेरी थी."

वर आलात. हात धुतलेत. "विमल, पुस्तक आण. कावीळ व्हायच्या आधी कुठपर्यंत आलो होतो?"

बस. एवढंच. ना तेव्हा काही बोललात, ना नंतर. मार्चमध्ये परीक्षेच्या सगळ्या दिवसांत रजा काढून केंद्राच्या फाटकाबाहेर रेवतीला घेऊन बसलात, थर्मासमध्ये चहा. मी पास झाले, पुढे शिकले, शाळेच्या वाचनालयात नोकरी लागली, लिहायला लागले. आणि पुण्याचा अर्ज तुम्ही त्यानंतर कधी केला नाहीत. हे विचारायचे, "ताई, यंदा नाही टाकत अर्ज?" तुम्ही म्हणायचात, "थंडीची सवय झाली आता."

माझ्या पोटात संशय तेव्हापासूनचा आहे. रूथबाईंनी सांगितलं असणारच. नाहीतर तिळगूळ घेऊन खाली कशाला गेलात? पण सांगितलं असेल तर मला बोलला का नाहीत? मग मी दुसऱ्या टोकाला जायचे. नसेलच सांगितलं. तुमचा राग आपोआप उतरला असेल. रूथबाईंची पुढे भोपाळला बदली झाली, मग त्या गेल्याच, विचारायला कुणी उरलं नाही. आपण दोघी एका ताटातलं लोणचं खात होतो, हे गेल्यावर एका खोलीत झोपत होतो, आणि मी तुमच्या प्रत्येक वाक्याची उलटी बाजू तपासत होते. तुम्ही "उशीर झाला" म्हणालात की मी हातातलं काम टाकून वळून बघायचे. तुम्ही फक्त दुधवाल्याबद्दल म्हणत असायचात.

आणि मग दोन वर्षांपूर्वी तुम्ही चार वाजता दारापाशी जाऊन उभ्या राहायला लागलात.

"विमल, पाच वाजले का?"

"नाही वन्सं, अजून आहेत."

"कुणाचा फोन आला होता का?"

"नाही."

रोज. रोज, वन्सं. तोच प्रश्न आणि माझं तेच उत्तर. पहिल्यांदा विचारलंत त्या दिवशी माझ्या हातून कप पडला होता, रेवती म्हणाली, आई, तू पण थकलीयेस. पुढे पुढे तुमचा आवाज चढायचा. "आला होता. तू लपवतेस." सोसायटीतल्या बायका पाचच्या चहाला आल्या तर त्यांना सांगायचात, "ये मैसेज नहीं देती. सुबह से दबा के बैठी है." त्या माझ्याकडे बघून डोळे मिटायच्या, कोई बात नहीं आंटी, अशा अर्थाने. त्यातली एक जाताना म्हणाली, "आप तो देवी हैं." मी तिला दारापर्यंत सोडायला गेले, लिफ्टचं बटण दाबून दिलं.

त्या शब्दाने माझं रक्षण केलं. हे मला लिहायलाच हवं. तुम्ही भर चहात चारचौघांसमोर खरं बोलत होतात, आणि डॉक्टरपासून वॉचमनपर्यंत सगळे मला सांगत होते की ते खरं नाही. पन्नास वर्षं मी ज्याला भीत होते ते तुम्ही अखेर बोललात आणि ते माझ्या अंगाला लागलंच नाही. तुमच्याजवळ एकच तास होता बोलायचा, आणि तोच तास रद्दीत घातला गेला होता. मी बघत राहिले.

कधी कधी मला तुमचाच संशय यायचा. वाटायचं, सकाळी तुम्हाला सगळं आठवतं. सभ्यतेने बोलत नाही. संध्याकाळ झाली की आजाराच्या नावावर बोलून घेता. तुमच्यासारख्या बाईला ते शोभलंही असतं. मी सकाळी तुमच्या डोळ्यांत शोधायचे. तुम्ही म्हणायचात, "काय बघतेस? मीठ कमी आहे भाजीत, तिकडे बघ."

दिवाळीनंतरची एक संध्याकाळ. बाहेर तो करडा धूर भरलेला, सूर्य दिसलाच नव्हता, नुसता उजेड कमी होत गेला. रेवती मानेसरच्या ऑफिसातून अजून निघाली नव्हती. घरात आपण दोघी. तुम्ही दारापाशी गेलात.

"पाच वाजले का?"

"वाजले."

"फोन आला होता का कुणाचा?"

मी कंटाळले होते का, की घाबरायचं संपलं होतं, मला सांगता येत नाही. मी म्हटलं, "आला होता, वन्सं. रूथबाईंचा. अकरा वाजता. मीच घेतला. तुम्ही झोपला होतात, मी उठवलं नाही. सूदबाई विसरल्या नव्हत्या."

तुम्ही ओरडाल असं वाटलं. तुम्ही दाराची कडी सोडलीत, आत आलात आणि जेवणाच्या टेबलाशी बसलात. ताठ, जशा ऑफिसात बसत असाल तशा.

"निरोप काय?"

मी सांगितला. पुण्याची जागा निघालीये. तुमचं नाव पहिलं आहे. पाचच्या आत विलिंगनेस लेखी हवी, एक ओळ पुरे, रूथबाई टेबल सोडणार नाहीत.

"कागद घे. डिक्टेशन देते."

मी रेवतीच्या प्रिंटरमधला कागद आणला. तुम्ही इंग्रजीत सांगितलंत, थांबत थांबत, स्वल्पविरामासकट, जन्मभर दुसऱ्यांचं उतरवून घेणाऱ्या बाईने एकदा स्वतःचं सांगावं तसं. विषय, पुणे कार्यालयातील रिक्त जागा. संदर्भ, आपला आजचा टेलिफोनवरचा निरोप. महोदय, घरगुती कारणास्तव मला ही बदली स्वीकारता येत नाही. माझ्या नावाचा विचार केल्याबद्दल आभार. "वाच."

मी वाचून दाखवलं.

"वेळ घाल वर."

"किती घालू?"

"निरोप अकराला आला ना? अकरा दहा घाल."

खिडकीत अंधार होता. मी अकरा दहा घातले. तुम्ही सही केलीत, नेहमीची, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली. "आता पाठव कुणाच्या हाती," म्हणालात आणि उठून आत जाऊन पडलात. त्यानंतर तुम्ही दारापाशी गेला नाहीत असं म्हणायला आवडलं असतं. गेलात. दुसऱ्याच दिवशी गेलात, आणि तोच प्रश्न. मी दर वेळी म्हणायचे, आला होता, उत्तर पाठवलं. कधी तुम्ही "बरं" म्हणायचात, कधी "खोटारडी" म्हणायचात.

त्या कागदाचं सांगायचं राहिलं. सकाळी तो टेबलावर तसाच होता. तुम्ही चहा पिता पिता उचललात, चष्मा लावून वाचलात. "हे कुणी लिहिलंय? 'व्हेकन्सी'त एक सी कमी आहे," म्हणालात आणि पेन मागून दुरुस्त केलंत. खालची सही बघितलीत की नाही, मला दिसलं नाही. घडी करून माझ्याकडे दिलात. "नीट लिहीत जा," एवढंच.

घरगुती कारण. सरकारी कागदात सगळे तेच लिहितात, मला ठाऊक आहे. कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण, कुणाला जायचंच नसतं. तुमचं कोणतं? मी? रेवती? की तुम्ही मला शेवटचा टोला दिलात, की बघ, मुदतीत निरोप मिळाला असता तरी माझं उत्तर हेच होतं, तू उगाच पन्नास वर्षं तोंड लपवलंस? यातलं कुठलंही असू शकतं. अकराची वेळसुद्धा मीच आधी बोलले होते, तुम्ही ती माझ्याच वाक्यातून उचलली असेल. मी संशय घ्यायला बसले तर त्या पत्रातल्या एकेका शब्दावर घेऊ शकते, तेवढं इंग्रजी तुम्हीच शिकवलंय.

तीन आठवड्यांनी तुम्ही गेलात. सकाळी, छातीत कफ दाटून, फार त्रास न होता.

आणि परवा तेराव्याला रेवती दारात उभी राहून सांगत होती, संध्याकाळी आत्या काहीही बोलायची. डॉक्टर भेटायला आला होता, तोही म्हणाला, आंटी, शाम वाला हिस्सा भूल जाइए. मी विसरायला तयार झाले, वन्सं. रात्री अंथरुणावर पाठ टेकल्यावर लक्षात आलं की ते पत्रही सहा वाजताचं आहे.

संध्याकाळचं बोलणं तुमचं नव्हतं म्हटलं, तर मी लबाड नाही आणि त्या पत्रातली माफीही मला मिळालेली नाही. ते तुमचं होतं म्हटलं, तर चहाच्या टेबलावर जे बोललात तेही तुमचंच. निम्मं घ्यायचं आणि निम्मं डॉक्टरला द्यायचं, असा वापर तुम्ही मला करू दिला नसतात. तीन वाक्यं मागितली असतीत आणि तिन्ही तपासली असतीत.

तेव्हा मी सगळं घेते. संपादकांना पान जास्त होईल, त्यांनी काय कापायचं ते कापावं, एवढं मात्र कापू नये. सोसायटीतल्या, ऑफिसातल्या, मंडळातल्या ज्यांनी ज्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला त्यांना, आणि रेवती, तुलाही. आत्या संध्याकाळी खरं बोलत होती. निरोप अकरा वाजता आला होता आणि मी तो दिला नव्हता.

तुमची,
विमल